मदत हवी आहे: शंकर लक्ष्मण की श्रीजेश, तोलायचं कसं?

मंडळी, काल रंकाळ्यावर भेळ खाता खाता भाच्याशी जुंपली. त्याचं म्हणणं, भारतीय हॉकीत श्रीजेशसारखा गोलकीपर झालाच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपण 5-4 ने पुढे असताना अगदी शेवटच्या क्षणी जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर अडवला, तो मीही बघितलाय. चहा हातातच गार झालेला. पण शंकर लक्ष्मण? 1956, 1960, 1964, ऑलिंपिकच्या तीन फायनल, समोर दर वेळी पाकिस्तान, आणि तिन्ही मिळून गोल खाल्ला एकच. तेही हेल्मेटशिवाय!

भाचा म्हणतो, तेव्हा ड्रॅगफ्लिक (पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकनं ओढत जोरात गोलात फेकायची ती) कुठं होती? मुद्दा खरा आहे. टर्फवर, म्हणजे आताच्या कृत्रिम मैदानावर, बॉल गोळीगत येतो. पण गवतावर तो कुठं उडेल याचा नेम नसायचा, त्याचं काय? नुसते खाल्लेले गोल मोजायचे तर 1928 चा रिचर्ड ॲलनच पहिला, अख्ख्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये एकही नाही. पण त्याच्यापर्यंत बॉल पोचत तरी किती असेल!

तर निकष कोणता धरावा? आपल्या ध्यानचंद स्टेडियमवर गवत आणि टर्फ दोन्हीवर कीपिंग केलेलं कोणी असेल तर जरूर सांगा. (फुटबॉलवाल्यांनी मध्ये पडू नये.) रविवारपर्यंत उत्तर पाहिजे, मिसळीची पैज लागलीय.