मदत हवी आहे: मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची पेट्रोल टाकी आणि टाकीतला फ्लोट (मुंबई)

नमस्कार मंडळी,

गाडी १९६० ची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, ९४८ सीसी. मागच्या भागाला बाहेरून दिसणारी लाकडी चौकट असते, ती स्टेशन वॅगन. मामांची गाडी, आता मुलुंडला माझ्याकडे आहे. इंजिन उत्तम आहे, लाकूडही बरंच शाबूत आहे, पण टाकी गळायला लागल्यामुळे गाडी बंद ठेवली आहे. टाकी उतरवली तेव्हा दिसलं की तळाच्या शिवणीलगत पत्रा आतून खाल्ला गेलाय. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आत पाणी धरतं, ते तळाशी बसतं आणि तिथूनच गंज सुरू होतो.

मला टाकी हवी आहे, किंवा जुनी समोर ठेवून तशीच बनवून देणारा भरवशाचा कारागीर. टाकीतलं फ्लोट युनिट, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, तेही हवं आहे. त्याखालचं पॅकिंग आणि पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी होजही लागेल, पण ते दोन्ही मिळेल असं वाटतं.

खरी अडचण वेगळीच आहे. ऑपेरा हाउसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ‘मायनर’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सलून, म्हणजे मागे डिकी असलेली साधी मायनर येते. ट्रॅव्हलरची टाकी सलूनची नाही, तिचा आकार निराळा. सलूनची बसवून घेऊ, दोन पट्ट्या वेल्ड करू, असं सुचवणारे भेटले. मला ते करायचं नाही. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ येतं. त्यासाठी अर्ज करायचा आहे, म्हणून जितकं मूळ आहे तितकं मूळच ठेवायचंय.

इंग्लंडमध्ये मायनरचे भाग विकणारे आहेत आणि ट्रॅव्हलरची नवी टाकीही तिथे मिळते. पण साडेसहा गॅलनची, म्हणजे साधारण साडेएकोणतीस लिटरची पोकळ वस्तू समुद्रापार आणायची तर भाडं भरपूर, आणि कस्टम ड्यूटी वस्तूच्या किमतीवर भाडं-विमा धरून लागते. फ्लोट छोटा आहे, तो मागवता येईल. टाकी इथेच व्हावी असं फार वाटतं. पत्र्याचं काम करणारी इतकी हुशार माणसं या शहरात असताना ती बाहेरून आणायची?

फ्लोटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल. पेट्रोल मीटरचा काटा कायम ‘फुल’वर अडकलेला असायचा. टाकी उतरवण्याआधी फ्लोटची वायर काढून बॉडीला टेकवली, तर काटा सरळ ‘एम्प्टी’वर गेला. वायर मोकळी सोडली की परत फुल. म्हणजे मीटर चांगलं आहे, फ्लोटमधली रेझिस्टन्सची तार तुटली आहे. या जुन्या मीटरला टाकी रिकामी असताना कमी रेझिस्टन्स लागतो आणि भरल्यावर जास्त. १९६४ च्या सुमारास मीटर बदललं, त्याचं गणित बरोबर उलटं. त्यामुळे ‘मायनरचा फ्लोट आहे’ एवढ्यावर घेता येत नाही, कोणत्या काळातला ते बघावं लागतं.

आणखी एक काळजी पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, आणि कॉर्कच्या फ्लोटवरचं लाखेचं लेपनही त्यात टिकत नाही. त्यामुळे होज आणि पॅकिंग इथेनॉल चालणारंच घ्यायचं ठरवलंय. आतून लावायच्या कोटिंगचा कुणाला या पेट्रोलमध्ये दोन-तीन पावसाळ्यांचा अनुभव असेल तर जरूर लिहा. ते सुटलं तर त्याचे पापुद्रे थेट पंपात जातील, ही भीती आहे. पंप अजून मूळचा एसयू कंपनीचाच आहे.

– ट्रॅव्हलरवाली

कुर्लेकर: ताई, भंगारात टाकी शोधू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळालीच तरी ती तुमच्या टाकीइतकीच जुनी, आतून तशीच सडलेली असणार. रेडिएटरचं काम करणारा जुना मिस्त्री गाठा. वरचा अर्धा भाग चांगला असेल तर तोच ठेवून फक्त तळ नव्या पत्र्याचा करून घ्या, म्हणजे गळा, फ्लोटचं भोक, बसवायचे कान सगळं जागच्या जागी राहतं. आतले आडवे पत्रे काढून टाकू देऊ नका, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला पळेल. आणि कृपा करून, टाकी सोडा घातलेल्या गरम पाण्याने पुन्हापुन्हा धुवून, पूर्ण वाळवून वास गेल्याशिवाय ज्योत जवळ आणू देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, आत वाफ असते. काम झाल्यावर अगदी हलकी हवा भरून शिवणींवर साबणाचं पाणी लावायला सांगा.

ट्रॅव्हलरवाली: दादा, खूप आभार. वरचा भाग ठोकून पाहिला, पत्रा घट्ट आहे. तळ नवा करायचा विचार पटला.

सदाशिव_पेठ: फ्लोट फेकू नका. आतली तार नायक्रोमची असते, मीटरचं काम करणारे ती नव्याने गुंडाळून देतात. दोन्ही टोकांचं रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा. तार तुटली असली तरी तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी मोजून बेरीज करता येते.

ट्रॅव्हलरवाली: हे सुचलंच नव्हतं! मोजते आणि आकडे इथे टाकते. आता दोनच गोष्टी उरल्या: मुलुंड ते दादर या पट्ट्यात रेडिएटरचं काम करणारा मिस्त्री कुणी सुचवेल का, शक्यतो टाकीचं काम केलेला? आणि कुणाकडे ट्रॅव्हलर असेल तर टाकीच्या तळाची खोली मोजून कळवाल का? माझा तळ बराच पिचलाय, त्यावरून माप घेता येत नाही.