मदत हवी आहे: दिवेआगर ते मालवण, गाडीतच मुक्काम, रात्री कुठे थांबू?

चाकावरचं_घर
शुक्रवारी रात्री निघतोय, म्हणून जरा लवकर सांगा. दिवेआगर, वेळास, केळशी, गुहागर, गणपतीपुळे करत किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं आहे. हॉटेल, होमस्टे काहीही नको, गाडीतच झोपणार. सुरूच्या बनात किंवा सरळ पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) गाडी लावून रात्र काढता येईल अशा जागा हव्यात. कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं पोलीस उठवतात. नेमकं काय?

घाटरस्ता
गाडी कोणती? किती जण? कुठून निघताय?

चाकावरचं_घर
कॅम्पर आहे. पुण्याहून, ताम्हिणीतून. जागा सांगा ना.

घाटरस्ता
अहो, मारुती ईकोत गादी टाकली तरी कॅम्पर आणि मिनीबसमध्ये स्वयंपाकघर बसवलं तरी कॅम्परच. वाड्यांमधले रस्ते दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (बुटक्या भिंती) असलेले, एक गाडी जाईल एवढेच. वर फांद्या आणि विजेच्या तारा. उंची-लांबी कळल्याशिवाय काय सांगणार?

मोकळा_दर्या
काही होत नाही हो. मी नेहमी पुळणीवरच लावतो. टायरची हवा वीसपर्यंत उतरवायची आणि ओल्या, घट्ट वाळूवरून जायचं. सकाळी डोळे उघडले की समोर समुद्र. लोक उगाच घाबरवतात.

सागरगोटा
मोकळा_दर्या, तुमची गाडी फोर बाय फोर असेल. मागच्या चाकांवर चालणारी जड गाडी ओल्या वाळूत एकदा बसली की इंजिन जितकं रेटाल तितकी ती खाली जाते. आमच्या श्रीवर्धनकडे दर मोसमात अशी एखादी गाडी ट्रॅक्टर लावून ओढतात. तोवर भरती आली तर इंजिनात खारं पाणी. पुळणीवर गाडी नेणं चुकीचंच आहे. मनाईचे फलक असतात, ते वाचा.
पोलिसांचं म्हणाल तर 1993 साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स आमच्या श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं, तेव्हापासून हा किनारा डोळ्यांत तेल घालून राखला जातो. रात्री अंधारात अनोळखी गाडी दिसली की चौकशी होणार आणि व्हायलाच हवी. संध्याकाळीच पोलीस पाटलांना भेटून "अमुक ठिकाणी थांबतोय" म्हणून सांगा. गावात एकाला ठाऊक असलं की सगळ्यांना ठाऊक होतं.

गजालवाडी
शनिवारी पुनव आसा, ह्या कोणी बघितल्यानी काय? माज्या आज्याचो हिशेब सांगतंय: तिथीक तिनान गुणूचा, चारान भागूचा, येतली ती भरतीची वेळ.
पुण्याच्या पाहुण्यांसाठी साध्या मराठीत सांगतो. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराला तीनने गुणून चारने भागलं की सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दुपारी आणि रात्रीसुद्धा. त्यात उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढणारी. तुम्ही संध्याकाळी सहाला पोचाल तेव्हा ओहोटी असेल, लांबच लांब कोरडी पुळण दिसेल आणि वाटेल की जागा काय झकास आहे. मध्यरात्री पाणी तिथेच असेल. पुढे रोज सुमारे पाऊण तास उशीर धरा. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी तेवढं चढत नाही. पण तुमची सुट्टी काही अष्टमीला नाही.

मोकळा_दर्या
म्हणून तर म्हणतोय, वर सुरूंजवळ लावायची.

निशिगंधा_प
वेळास, केळशी, आंजर्ले इथे तर सुरूंजवळही नको. हा कासवांचा मोसम आहे. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री भरतीरेषेच्या वर येऊन वाळूत खड्डा करतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. वरून काहीच दिसत नाही. चाकाखाली वाळू दबली की सगळं गेलं. हेडलाइट दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून वेळासच्या लोकांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं. त्या गावात जाऊन पुळणीवर गाडी लावणं मला अजिबात पटत नाही.

टू_स्ट्रोक
आरटीओची नोंद केलीय का? आत फेरफार केले की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते.

चाकावरचं_घर
नोंद आहे, विमाही आहे. हे मी विचारलेलंच नाही. पुळण नको, सुरू नको, मग राहिलं काय?

खवय्या_रत्नागिरी
मालवणला गेलात तर बांगड्याचं तिखलं खाल्ल्याशिवाय परतू नका. सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची आहे ना, ते आधी विचारा.

घाटरस्ता
सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर थांबा. वारा असतो, डास कमी, जमीन दगडी, त्यामुळे चाक रुतायचा प्रश्नच नाही. फक्त रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं (जमिनीच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) आहेत. काही ठिकाणी ना कुंपण ना पाटी, अंधारात गाडी नेमकी त्यावर जाते. उजेडात पोचा, पायी फिरून बघा, मग गाडी आत घ्या.

कोकणकडा_बायको
झोपताना एसीचं काय? इंजिन चालू ठेवून एसी लावला तर रात्र छान जाते, आम्ही करतो.

सोल्डरगन
कृपा करून असं करू नका! उभ्या गाडीचा धूर आत शिरला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. शेगडीसुद्धा काचा बंद करून पेटवू नये. आणि बॅटरीवर एसी चालवायचा असेल तर हिशेब करा: 100 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे 1200 वॅट-तास. 900 वॅटचा एसी दीड तासही चालणार नाही. 25 वॅटचा पंखा रात्रभर चालून 200 वॅट-तास संपतात. खिडक्यांना जाळी, छताला पंखा, बस्स.

कोकणकडा_बायको
आम्हाला कधी काही झालं नाही. डिझेल गाडीत एवढं नसतं.

सोल्डरगन
डिझेलमध्ये कमी असतं, नसतं असं नाही. ताई, निदान अलार्म तरी बसवा.

चाकावरचं_घर
पंखा आहे. एसी नाही. विषय भरकटतोय. बरोबर आई आहे, 71 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेत. होमस्टेला पायऱ्या असतात आणि रात्री तिला उठून लांब जाता येत नाही. गाडीत तिच्या उंचीचा पलंग आणि कमोडची पेटी बसवलीय, म्हणून गाडीतच झोपायचंय. लहानपणी ती केळशीला मामाकडे राहिलीय, तिला समुद्राचा आवाज ऐकत झोपायचंय. एवढंच आहे.

निशिगंधा_प
हे आधी सांगायचं ना! मग पुळणीपेक्षा कोणाचं तरी अंगण बघा. किनाऱ्यालगतच्या वाडीत खळ्यात गाडी लावू द्या, पैसे देतो, असं विचारा. आवाज तिथेही येतो, आणि आईंना रात्री काही लागलं तर हाक मारायला माणूस असतो.

सागरगोटा
अगदी. आणि पैसे द्याच. किनाऱ्यावर फुकट झोपून कचरा टाकून जाणाऱ्यांमुळे गावकरी चिडलेत. अंगणात लावाल तेव्हा माडाखाली नको. नारळ काच फोडतो, झावळ पडली तरी पत्रा चेपतो.

घाटरस्ता
कमोडची पेटी रिकामी कुठे करणार?

चाकावरचं_घर
खड्डा खणून पुरणार होतो.

घाटरस्ता
नको! जांभा चाळणीसारखा असतो, वरचं सगळं विहिरीत झिरपतं आणि वाडीतली माणसं तेच पाणी पितात. ज्यांच्याकडे उतराल त्यांच्या संडासात विचारून ओता. निळं रसायन वापरत असाल तर तेही आधी सांगा, त्याने सेप्टिक टाकीतले जंतू मरतात. शक्यतो साधं पाणीच वापरा.

टू_स्ट्रोक
राज्याचं कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आलंय. वीज, पाणी, सांडपाणी असलेले पार्क त्यात आहेत. तुम्ही लिहिलेल्या गावांत मला तरी असा पार्क दिसलेला नाही.

गजालवाडी
फेरीबोटीचंही बघा. बागमांडला-वेशवी आणि दाभोळ-धोपावे दोन्ही लागतील. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त लागतो, मागच्या चाकांच्या मागे गाडी लांब असेल तर बुड घासतं. सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास चढवू नका, दुपारी न्या. शेवटची बोट किती वाजता ते धक्क्यावर विचारून ठेवा.

चाकावरचं_घर
गाडी साडेपाच मीटर लांब, पावणेतीन उंच. शनिवारी दुपारच्या बोटीने वेशवी, वेळासला न थांबता केळशी, तिथे आईच्या मामांच्या शेजाऱ्यांकडे अंगण विचारतो. पुढचं तिथून ठरवू. गुहागरला कोणाच्या ओळखीचं अंगण असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आजच.

निशिगंधा_प
पावणेतीन उंच असेल तर वाडीत शिरण्याआधी तारा बघायला कोणालातरी पुढे चालत पाठवा. गुहागरचं बघते, संध्याकाळी कळवते.

खवय्या_रत्नागिरी
गुहागरला असाल तर जेवायचं मी सांगतो.