रत्नागिरी : पर्यटक मुक्कामाला थांबत नाहीत, मदत हवी आहे (तातडीने)

पुलापलीकडचा
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. मुंबईची नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी घरी आलो. आजोबांचं जांभ्याचं घर दुरुस्त केलं. खाली पाहुण्यांसाठी तीन खोल्या, माडीवर लॅपटॉपवाल्यांसाठी सहा टेबलं. बुकिंगच्या सगळ्या साइटवर आहे, फोटो झकास आहेत, समुद्र पाच मिनिटांवर. तरी सलग दोन रात्री राहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. सगळे गणपतीपुळ्याला पळतात. रत्नागिरीत पेट्रोल भरायचं, थिबा राजवाडा बघायचा की निघाले. माडीवर तर काळं कुत्रं नाही. काय करू? "मार्केटिंग करा" सांगू नका, करून झालंय.

घाटावरची
दर काय आहे? आणि रत्नागिरीत म्हणजे नेमकं कुठे?

जुनं_कौल
मूळ दुखणं मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 ला सुरू झालं, तेव्हा जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटलं. माणूस हातखंब्याला, रत्नागिरीच्या फाट्यावर, पोचेपर्यंत त्याची हाडं खिळखिळी झालेली असतात. तुमची टेबलं काय करणार तिथे?

तिकीट_वेटिंग
रस्ता रस्ता काय करता? 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण कोकण रेल्वे धावतेय, 2023 पासून वंदे भारत आहे आणि ती रत्नागिरीला थांबते.

जुनं_कौल
थांबते हो. तिकीट मिळालं तर आपण चढतो. स्वतःचं नाव बघा जरा.

पुलापलीकडचा
रस्त्याचं मला माहीत आहे, तो मी बांधू शकत नाही. दर 2200, नाश्त्यासकट. घर भाट्याला.

आंबोळी_चटणी
मासे मिळतात का जेवायला?

घाटावरची
भाट्ये छान आहे की! सुरुबन, झरी विनायक, पावसचा रस्ता दारावरून. पण मग कोणी येतच नाही की येऊन जातं? दोन्हींचं औषध वेगळं.

पुलापलीकडचा
येतात आणि जातात. परवा पुण्याची फॅमिली, इनोव्हा घेऊन आलेली. आजी खालीच गाडीत बसून राहिल्या. मुलगा वर आला, खोली बघितली, "छान आहे" म्हणाला आणि पंधरा मिनिटांत गाडी गणपतीपुळ्याच्या दिशेने गेली. 2200 सुद्धा महाग वाटतात लोकांना.

घाटावरची
थांबा. खाली म्हणजे? वर म्हणजे?

पुलापलीकडचा
रस्त्यावरून पाखाडी आहे ना. गाडी खालीच लावायची. इथे सगळ्यांच्याच घरांना असते.

घाटावरची
किती पायऱ्या?

पुलापलीकडचा
मोजल्या नाहीत. सत्तरेक असतील.

घाटावरची
हे साइटवर लिहिलंय का?

पुलापलीकडचा
पाखाडी काय लिहायची त्यात?

जांभा_चिरा
हसून हसून पुरेवाट. साहेब, तुम्हाला ती दिसत नाही कारण तुम्ही तिच्यावर लहानाचे मोठे झालात. पुण्याची आजी गुडघे धरून खालून वर बघते तेव्हा तिला डोंगर दिसतो. फोटोत पडवी आणि समुद्र, प्रत्यक्षात आधी सत्तर पायऱ्या. म्हणजे फसवलं असंच वाटणार. पावसाळ्यात शेवाळ धरत असेल ते वेगळंच. पहिला फोटो पाखाडीचा टाका, आणि बॅगा वर न्यायला एक माणूस ठेवा. ज्यांना गुडघे आहेत तेच येतील, पण येतील ते राहतील.

विमान_उडालं
हे सगळं वरवरचं. शहराला विमानतळ आणि आयटी पार्क मिळाल्याशिवाय तरुण येणार नाहीत. सिंधुदुर्ग बघा कुठे गेला.

कर्ली_खाडी
आमच्याकडे चिपीला विमानं ऑक्टोबर 2021 ला आली. तारकर्लीत स्कूबा त्याच्या कितीतरी आधीपासून चालतं. जिल्हा 1997 सालीच पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि मुख्य म्हणजे घराघरातल्या बायकांनी खोल्या आणि जेवण दोन्ही अंगावर घेतलं. विमानाची वाट बघत बसलो असतो तर अजून जाळी विणत असतो.

विमान_उडालं
तुमच्या मालवणची जाहिरात करायला वेगळा धागा काढा.

मिश्किल_म्हातारा
रत्नागिरीत मुक्काम लांबला नाही असं कसं म्हणता? ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 ला आला तो 1916 ला वारेपर्यंत इथेच होता. सावरकर 1924 ते 1937. सरकारी हुकूम निघाला की लोक मुकाट राहतात. तुम्ही तसाच एखादा काढून घ्या.

जांभा_चिरा
थिबाला निदान राजवाडा बांधून दिला. तोसुद्धा पंचवीसेक वर्षं ताटकळत ठेवल्यावर.

आंबोळी_चटणी
मासे?

शनिवार_रविवार
माडीबद्दल बोलते. मी इंजिनिअर, 2019 ते 2021 रत्नागिरीत नोकरीला होते. काम चांगलं, भाडं पुण्याच्या निम्मं. पण खोली बघायला गेले की घरमालकीण आधी विचारणार, "लग्न झालंय का? भेटायला कोण कोण येणार?" पहिल्या शनिवारी आरे-वारे, दुसऱ्या शनिवारी भगवतीचा किल्ला, तिसऱ्या शनिवारी परत आरे-वारे. चौथ्या शनिवारी पुण्याची गाडी पकडली. बरोबरीच्या मुली एक तर लग्न होऊन गेलेल्या, नाहीतर मुंबईला. समुद्राशी किती बोलणार?
इथे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पोरं शिकतात आणि कोकणकन्येत बसतात. सुट्ट्या टेबलासाठी एकेकटा माणूस कधीच यायचा नाही. एखाद्या कंपनीची पाचसहा जणांची अख्खी टीम महिनाभरासाठी बोलवा, तीन खोल्यांत मावतील. सोबत असली की पायऱ्यासुद्धा चढतात लोक.

पुलापलीकडचा
हे पटलं. महिन्याचा दर कसा लावायचा?

शनिवार_रविवार
त्याआधी सांगा, लाइट गेल्यावर नेट चालतं का?

पुलापलीकडचा
फायबर आहे, एकदम फास्ट.

शनिवार_रविवार
लाइट गेल्यावर?

पुलापलीकडचा
लाइट गेल्यावर कोणाचं चालतं? जूनच्या पहिल्या झडीला इथे दिवसदिवस जाते.

शनिवार_रविवार
इन्व्हर्टर घ्या, राउटर त्यावर टाका आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. ते होईपर्यंत महिन्याचा दर हा प्रश्नच नाही. मीटिंगच्या मध्यात गायब झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बॅग भरतो.

माडाचा_माणूस
घराभोवती माड असणारच. झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत असतील तर गेंड्या भुंगा लागलाय. शेंड्यातलं भोक तारेच्या आकड्याने साफ करून भुंगा ओढून काढा. शेणखताचा खड्डा उघडा ठेवू नका, अळ्या तिथेच वाढतात. नारळ संशोधन केंद्र तुमच्या भाट्यातच आहे, जाऊन या.

पुलापलीकडचा
धन्यवाद, पण मी माडांबद्दल विचारलं नव्हतं.

घाटावरची
गणपतीपुळ्याशी झुंजू नका. आरे-वारेमार्गे ते शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, तिथे देऊळ आणि किनारा एकाच जागी, तिथली गर्दी तुमच्याकडे वळणार नाही. तुमचं घर दक्षिणेच्या वाटेवर आहे. पावस, गणेशगुळे, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवरे. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, कातळात कोरलेला हत्ती बघून आम्ही चाट पडलो होतो, त्याच्या पोटात मासे आणि इतर प्राणी कोरलेत. कोकणातली कातळशिल्पं 2022 ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी निम्म्या पाहुण्यांना ती कुठे आहेत हे ठाऊक नसतं. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असा दिवस आखून द्या, रिक्षावाला ठरवून द्या. दुसरी रात्र आपोआप होते.

जुनं_कौल
सड्यावर दुपारी उन्हात नेऊ नका म्हणजे झालं. पायाचे तळवे भाजतात.

पुलापलीकडचा
आज पायऱ्या मोजल्या. 83. फोटो टाकतोय साइटवर. शेजारचा पोरगा बॅगा न्यायला तयार आहे, एका खेपेचे पन्नास मागतो. इन्व्हर्टरवाला सोमवारी येतोय. कशेळीसाठी रिक्षा ठरवतो.

आंबोळी_चटणी
तिसऱ्यांदा विचारतोय. मासे मिळतात का?

पुलापलीकडचा
नाही. आई घरात मासे शिजवू देत नाही.

घाटावरची
काय?

कर्ली_खाडी
शहरात मिरकरवाडा बंदर, आणि पाहुण्याच्या ताटात बटाट्याची भाजी? अहो, हे सगळ्यात आधी सांगायचं असतं!

पुलापलीकडचा
आमच्याकडे कधीच नव्हते, त्यामुळे लक्षातच आलं नाही. शुद्ध शाकाहारी म्हणून लिहावं का?

जांभा_चिरा
लिहा. पावसच्या मठात येणारे खूश होतील, तो मोठा वर्ग आहे. बाकीच्यांसाठी पाखाडीच्या खालच्या घरातून कोणी डबा देईल का बघा, फार तर मागच्या खळ्यात बसून जेवतील.

पुलापलीकडचा
खालच्या काकू सुरमईची आमटी फार सुरेख करतात असं ऐकून आहे. त्यांना विचारतो. आईला मात्र तुमच्यापैकी कोणीतरी विचारा.

माडाचा_माणूस
झावळ्यांचा फोटो टाका.