लोक आले म्हणून वस्ती बदलली, की वस्ती तशी होती म्हणून लोक आले?

उंबरठा: स्थलांतराबद्दल जे वाचतोय त्यात एकच सूर, बाहेरचे आले आणि भाग बदलला. पण ते नेमके त्याच भागात का गेले हे कोणी विचारतच नाही. एखादं ठोस उदाहरण असेल तर सांगा प्लीज.

मृणाल: बर्लिनचं क्रॉइत्सबर्ग बघ. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला आणि त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली, त्यामुळे मधोमध असलेला हा भाग पश्चिम बर्लिनच्या पार कडेला गेला. तिथल्या जुन्या बिल्डिंगी पाडायचं ठरत होतं म्हणून मालक दुरुस्तीला पैसे घालेनात, आणि तोवर भाडं तरी मिळू दे म्हणून तुर्की कामगारांना घरं दिली. दुसरीकडे त्यांना सहजासहजी घर मिळतच नव्हतं! मग १९७३ ला भरती बंद. सरकारला वाटलं आता हे परत जातील, पण एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे दिसल्यावर लोकांनी उलट बायकापोरांनाच बोलावून घेतलं, आणि कुटुंब आलं की शाळा लागते, नमाजाला जागा लागते, ओळखीचं दुकान लागतं, खरी वस्ती इथून घडली. १९७५ ला तर परदेशी लोकांना तिथे नव्याने राहायला यायला बंदी घातली होती. १९८९ ला भिंत पडली, भाग परत शहराच्या मध्यात आला, भाडी वाढत गेली आणि पडक्या घरांत राहून ज्यांनी तो भाग जिवंत ठेवला त्यांच्यातल्याच कितीतरी जणांना तो परवडेना. मला हा सरळ अन्याय वाटतो.

रघू_के: सहमत. सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन पण असंच. १९०६ च्या भूकंपात ते जळालं तेव्हा चिन्यांना शहराच्या कडेला हलवायचा घाट घातला होता, तर तिथल्या चिनी व्यापाऱ्यांनी घाईने तिथेच पॅगोडासारखी छपरं असलेल्या इमारती उठवल्या, गोऱ्या आर्किटेक्टकडून, म्हणजे टुरिस्ट येतील आणि शहराला आपण हवेसे वाटू. चिनी मजुरांच्या अमेरिकेत येण्यावर १८८२ पासून कायद्याने बंदी होती हे लक्षात घे. जागा टिकवण्यासाठी केलेली धडपड होती ती.

उंबरठा: भारी माहिती, थँक्स दोघांना. पण जिथून माणसं निघतात त्या जागेचं काय?

मृणाल: ती पण बदलतेच, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. बाहेरून येणाऱ्या पैशातून घरं उभी राहतात, त्यात राहायला कोणी नसतं, शेतीचे आणि बँकेचे निर्णय मागे राहिलेल्या बाईवर येतात, आणि शाळेतली पोरं आधीच ठरवून बसतात की आपल्याला पण जायचंय.