बस्ता कुठे फाडला? खान्देशातली आणि शेजारची 'भारी' दुकानं: अनुभव सांगा

गिरणाकाठ
भाचीचं लग्न ठरलं. काल ताईने फोनवर बस्त्याची यादी वाचून दाखवली. शालू येवल्याहून, लेहंगा इंदूरहून, नवरदेवाचा सूट संभाजीनगरच्या मॉलमधून, आहेराच्या साड्या सुरतहून. आणि जळगावात काय घ्यायचं, तर सोनं. मी म्हटलं, ताई, आपण जळगावातच राहतो ना? म्हणे, "म्हणून तर."

त्यावरून चुलत बहिणीचा बस्ता आठवला. फुले मार्केटजवळचं दुकान. चपला पायरीखाली, आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्या गाद्या, सगळी भाऊबंदकी लोडाला टेकून बसलेली. साड्या दाखवणारे भाऊ पन्नाशीचे, मिशीवाले, खिशाला पेन. शर्टावरच झरझर निऱ्या घालून, खांद्यावर पदर टाकून उभे राहायचे. काकू म्हणायची, "जरा फिरा हो भाऊ, मागून कशी दिसते बघू." आणि ते फिरायचे! कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. मोठ्यांना चहा, पोरांना थंडा. अर्धे पैसे तेव्हा, उरलेले कापूस विकल्यावर.

2010 ला औरंगाबादला प्रोझोन झाला. तिथल्या शॉपर्स स्टॉपमध्ये अत्तराच्या काउंटरवरच्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती मामीच्या हातात दिली. मामीने पट्टी पर्समध्ये जपून ठेवली आणि घरी आल्यावर कपाटातल्या पैठणीच्या घडीत सरकवली. विकत काहीच घेतलं नाही.

पैसा जळगावातही कमी नाही, मग तसली दुकानं आधी तिकडेच का झाली? तुमच्या गावचं काय? लिहा.

पाचकंदील
धुळ्याचं विचारूच नका. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर, दोन्ही हायवे आमच्या दारात. लोकांना वाटतं केवढी सोय. सोय अशी की धुळेकराचा पैसा चारही दिशांनी गावाबाहेर जातो. नाशिकला कपडे, इंदूरला लग्न, सुरतला साड्या, जळगावला सोनं. आग्रा रोडवर उरतं काय, तर पिको-फॉल आणि शाळेचे युनिफॉर्म 😄

तापीची लेक
पाचकंदील, असं नका हो बोलू. आग्रा रोडला मला जे ब्लाउजपीस मिळतात ते पुण्यात लक्ष्मी रोडला सुद्धा मिळत नाहीत.

पाचकंदील
मान्य. मॅचिंग सेंटरच्या बाबतीत धुळं जगात पहिलं.

नंदुरबारी
आमच्यासाठी मोठं शहर म्हणजे सुरतच. नाशिक पेपरात वाचायचं. सकाळी ताप्ती लाइनची गाडी पकडायची, संध्याकाळी परत. पण रिंग रोडच्या मार्केटात साडी एकेक मिळत नाही, तो होलसेलचा धंदा. एकच डिझाइन, सहा-आठ रंग, पूर्ण सेट उचला. म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया मिळून जातात. सेट घ्यायचा, घरी आणून वाटून घ्यायचा, रंगावरून भांडायचं. कानबाईच्या मिरवणुकीत बघा, अख्खी गल्ली एकाच वेलबुट्टीत, नुसते रंग वेगळे. गावातल्या लोकांना साडीवरून कळतं कोणती गल्ली आली ते.

डुमस रोडच्या मॉलमध्येही जातो आम्ही. एसी आणि स्वच्छ बाथरूमसाठी. मार्केटात दिवसभर फिरून झाल्यावर बायांना दुसरं काय हवं असतं? सुरतकरांचे आभार.

सौ. कळणाभाकरी
बाथरूमचा मुद्दा एक नंबर!! आपल्याकडच्या बाजारात सकाळपासून पाणीच पीत नाही मी. कुणी दुकान काढत असेल तर आधी हे बघा, झुंबर नंतर लावा.

शर्ट सेक्शन
गिरणाकाठ, तुमच्या 'का'चं थोडंफार उत्तर माझ्याकडे आहे. मी चोपडा तालुक्यातला, काही वर्षं संभाजीनगरला एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पुरुषांच्या कपड्यांकडे होतो.

अशा दुकानाला महिन्याच्या महिन्याला येणारं गिऱ्हाईक लागतं. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांचा पगार एक तारखेला झाला की त्या शनिवार-रविवारी आम्हाला जेवायला वेळ नसायचा. आपल्याकडचा पैसा तसा येत नाही. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे, तोही भाव बरा असला तर. आणि मोठ्या दुकानांचा सेल कधी? जानेवारी आणि जुलै. जुलैत शेतकऱ्याचा खिसा बियाणं-खतात रिकामा झालेला असतो. निम्म्या भावाच्या पाट्या लागतात तेव्हा आपल्या माणसाकडे निम्मेही नसतात. रावेर-यावलची केळीवाली मंडळी तेवढी कोणत्याही महिन्यात यायची, केळी बारमाही कापली जाते ना. आमचा मॅनेजर पुण्याचा. त्याला कळायचंच नाही की मे महिन्यात भर उन्हात एक घराणं जीप भरून येतं आणि सूट घेऊन जातं ते कुठून.

अजून एक. लिपस्टिक-अत्तराच्या काउंटरवरच्या मुली बहुतेक दुकानाच्या नसतातच, त्या त्या कंपनीच्या असतात. विक्री नाही झाली तर कंपनी काउंटर उचलते. छोट्या शहरात ते काउंटर आधी जातात, मग पहिल्या मजल्यावर नुसते टॉवेल आणि सुटकेसा दिसायला लागतात. तसं दिसलं की समजायचं.

अमळनेरी
मस्त माहिती भाऊ. आमच्या अमळनेरचं उलटंच. विप्रो 1945 ला इथेच सुरू झाली, वनस्पती तुपासाठी. तेव्हाचे शेअर ज्यांनी विकले नाहीत ते आज काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिसणार नाही तुम्हाला! माणूस कोट्यधीश, आणि ओट्यावर बनियनवर बसून वाटाणे सोलतोय. असल्या गावात कोण कशाला झुंबरवालं दुकान काढेल. शर्टाचं कापड घ्यायचं, शिंप्याकडे टाकायचं, विषय संपला.

भुसावळ जंक्शन
त्या ओट्यावरच्या काकांना मुलगी आहे का, एक स्थळ आहे 😜

अमळनेरी
रांग आहे भो. नंबर घ्या.

कपाशीवाला
दुकानाचं नाव घेत नाही, शहराचंही नाही. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आबांना घेऊन गेलो होतो. आबा धोतर-टोपीत. आत पाऊल टाकल्यापासून एक सेल्समन आमच्या मागे मागे. काही विचारत नाही, नुसता मागे. आबांनी शर्टाला हात लावला की हा लगेच घडी सारखी करायचा. मला एवढा राग आला होता. आबांना काही वाटलंय असं दिसेना. त्यांनी एका शर्टाची बाही अंगठा आणि बोटात धरून चोळली, उजेडाकडे नेली आणि त्यालाच विचारलं, "भाऊ, यामा कापूस कितला शे?" त्याला बोलीही कळली नाही आणि उत्तरही आलं नाही. मी आतली पट्टी वाचली, साठ टक्के पॉलिस्टर. आबा म्हणे, "आनि भाव पुरा कापूसना!" बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. मी पुन्हा तिथे गेलो नाही, पण राग माझा मलाच आहे, आबा तर घरी येऊन सगळ्यांना हसत हसत सांगत होते.

तापीची लेक
आबांना नमस्कार सांगा 🙏 असला अपमान लक्षात राहतोच.

सौ. कळणाभाकरी
माझ्या सासूबाईंच्या मागे पण असेच फिरले होते. त्यांनी त्याच्याच हातात पिशव्या दिल्या धरायला. "फिरतोच आहेस तर धर." बाईंचं काही सांगू नका.

सतरा मजली
जळगावबद्दल एवढं वाईट बोलून घेताय, तर एका जळगावकराचंही ऐका. आपल्याकडे भारी दुकान नाही कोण म्हणतं? राजमल लखीचंद 1854 पासून आहे. तेव्हा मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन वर्षच झालं होतं! मुंबई-पुण्याचे लोक इथे येऊन सोनं घेतात. चकचकीत काच, एसी, दारात सलाम ठोकणारा दरबान, हे सगळं आपल्याकडे सोन्याच्या दुकानात आधी आलं. कारण साधं आहे, आपला माणूस कपड्यावर पैसे खर्चले की 'उडवले' म्हणतो आणि सोन्यावर खर्चले की 'ठेवले' म्हणतो. सूटला दहा हजार द्यायला रात्रभर विचार करेल, पाटल्यांना उभ्या उभ्या देईल.

आणि खान्देश सेंट्रल विसरलात का? स्टेशनजवळ, जुन्या खान्देश मिलच्या जागेवर. माझे आजोबा त्या गिरणीत साच्यावर होते. त्यांना मॉल दाखवायला नेलं तर ते दुकानं बघेचनात, "इथं भोंगा होता, इथून आम्ही आत जायचो" हेच चालू. शेवटी सिक्युरिटीवाल्यालाच समजावून सांगत बसले. तोही भला माणूस, खुर्ची दिली बसायला.

नाशिकची सून (माहेर पारोळा)
मला वाटायचं नाशिक म्हणजे सुटले! कॉलेज रोड, सिटी सेंटर मॉल, काय नाही. लग्नानंतर कळलं की नाशिकवाले 'भारी' खरेदीला ठाण्या-पुण्याला जातात. ठाणेवाले कुठे जातात माहीत नाही, दुबईला जात असतील.

माहेरची मंडळी आली की मात्र मॉलचा हट्ट. वहिनी सगळ्या मजल्यांवर फिरते, ट्रायल रूममध्ये पाच ड्रेस घालून फोटो काढते आणि म्हणते, "असंच पारोळ्याच्या टेलरकडून शिवून घेते." आणि घेते हो शिवून! फिटिंग मॉलपेक्षा चांगलं. शालू आम्हीही येवल्यालाच घेतला, विणकराच्या घरी. माग समोर चाललेला, काठ धरून दाखवतात, उलटी बाजूही दाखवतात. पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखी सफाईदार दिसली पाहिजे, लोंबते धागे नकोत. मॉलमध्ये हे कोण सांगणार?

भुसावळ जंक्शन
संभाजीनगरवरून आठवलं, 2010 मध्येच तिथल्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या ना? पेपरात फोटो होता.

शर्ट सेक्शन
हो. त्यातल्या काही आमच्या पार्किंगमध्ये यायच्या. मालक मात्र सेलच्याच स्टँडवर सापडायचे 😂

नंदुरबारी
त्या जळगाव रोडवर, अजिंठ्यापर्यंत, काम चालू होतं तेव्हा मर्सिडीज चालवून दाखवायची होती म्हणावं.

तापीची लेक
😂😂 माझ्या भावाचा सूट त्या रोडवर हँगरसकट घडी होऊन आला.

आखाजीची पाहुणी
सगळं वाचलं नाही, कुकर लावलाय. एक मात्र खरं, आता झुडिओ-मॅक्स आल्यापासून पोरं गावातच घेतात. आखाजीला माहेरी गेले तर माझी भाची, नणंदेची मुलगी आणि शेजारची, तिघींचा टॉप एकच! सुरतच्या सेटसारखंच झालं, फक्त रंगही वेगळा नाही.

सतरा मजली
कुणी इंदूरला लेहंगा घेतलाय का अलीकडे? गिरणाकाठच्या ताईंना उपयोग होईल. सीतलामाता बाजार की मॉल?

पाचकंदील
सीतलामाता बाजार. सकाळी लवकर पोहोचा, गाडी लांब लावा, आत गल्ल्या अरुंद आहेत. घासाघीस करा, मराठीत केली तरी चालते, निम्म्यांना कळतं. आणि रात्री सराफ्यात खाल्ल्याशिवाय परतू नका. भुट्टे का कीस. बस्त्याला कमी पडले तरी चालतील.

सौ. कळणाभाकरी
बिजासन घाटात रात्री येऊ नका पण, मुक्काम करा.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार, ताईला वाचून दाखवतेय. ती विचारतेय, नवरदेवाचे वडील 46 कमरेचे आहेत, त्यांचा सूट मॉलमध्ये मिळेल का?

शर्ट सेक्शन
नाही मिळायचा. कंपनी साइझचा सेट ठरवून पाठवते, मधले साइझ जास्त, 40 च्या वर एखादा नग, तो पहिल्या आठवड्यातच जातो. ऑर्डर देता येते पण लग्नापर्यंत येईल याची खात्री नाही. शिवून घ्या.

अमळनेरी
आमच्याकडे पाठवा. दगडी दरवाज्याजवळ शिंपी आहेत एक, माप घेताना बोलत नाहीत, कापड जास्त मागत नाहीत. पण तुळशीच्या लग्नाआधी कापड टाका, नंतर ते नवीन काम घेत नाहीत.