व्हिक्टोरियन काळात रेल्वे अपघाताचं कारण कसं शोधायचे?

शिट्टीवाला:
ब्रिटनमधले १८४० ते १९०० चे अपघात वाचतोय. तेव्हा ना कॅमेरे ना ब्लॅक बॉक्स, मग कारण शोधायचं कोण? की बिचाऱ्या सिग्नलमनच्या नावावर बिल फाडून मोकळे?

खडीफोड्या:
१८४० च्या कायद्याने बोर्ड ऑफ ट्रेडने (सरकारचं व्यापार खातं) इन्स्पेक्टर नेमले, सगळे रॉयल इंजिनिअर्सचे लष्करी अधिकारी. जागेवर जायचे, ड्रायव्हर गार्ड सिग्नलमन सगळ्यांना खोदून खोदून विचारायचे आणि रिपोर्ट चक्क छापून यायचा. इंग्लंडमधला क्लेटन रेल्वे बोगदा बघ, १८६१, २३ मेले. गाडी गेल्यावर आपोआप पडायला हवा तो सिग्नल पडलाच नाही, दुसऱ्या गाडीला लाल झेंडा दाखवला तर ती बोगद्यात थांबून मागे यायला लागली, आणि पलीकडच्या माणसाने तारेने 'मोकळा' कळवलं ते पहिल्या गाडीबद्दल, मग तिसरी आत सोडली. वरून तो सिग्नलमन २४ तासांच्या ड्युटीवर! हे सगळं चौकशीत बाहेर आलं, म्हणजे नुसतं बिल फाडणं नव्हतं.

गँगमन७:
बाहेर येऊन झालं काय पण? १८७१ पर्यंत अपघाताच्या चौकशीचा रीतसर अधिकारच नव्हता त्यांना, आणि नंतरही फक्त शिफारस. ऑटोमॅटिक ब्रेक (डबे सुटले की आपोआप लागणारा) लावा म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते, कंपन्या खर्चाच्या नावाने टाळत होत्या. १८८९ ला आयर्लंडमध्ये आर्मा इथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवले, सोडवल्याबरोबर त्यांचा व्हॅक्युम ब्रेक गेला कारण तो ऑटोमॅटिक नव्हता, चाकामागे दगड लावलेले पण पुढच्या भागाचा हलकासा धक्का बसला आणि डबे उतारावरून सुटले ते मागून येणाऱ्या गाडीवर. ८० मेले, त्यात मुलं कितीतरी. मग त्याच वर्षी कायदा, ऑटोमॅटिक ब्रेक, ब्लॉक सिस्टीम (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) आणि इंटरलॉकिंग (सिग्नल आणि सांधे एकमेकांना असे जोडलेले की चुकीचा सिग्नल देताच येत नाही) सक्तीचं.

खडीफोड्या:
मान्य, दात नव्हते.

पूलपाहणी:
इन्स्पेक्टर पण काही देव नव्हते हां. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वे पूल १८७८ ला मेजर जनरल हचिन्सननी तपासून पास केला, रिपोर्टात लिहिलं की जोराच्या वाऱ्यात गाडी जाताना पूल बघायला आवडेल. ते राहिलंच, आणि डिसेंबर १८७९ च्या वादळात पूल गाडीसकट नदीत. चौकशीला तिघे बसले तर रिपोर्ट दोन! चौकशीचे अध्यक्ष रॉथरींनी पुलाचा इंजिनिअर बाउचवर सरळ ठपका ठेवला, बाकी दोघांनी सांभाळून लिहिलं. आणि आर्माची चौकशी कुणी केली माहितीये? याच हचिन्सननी.

शिट्टीवाला:
आयला, म्हणजे पूल पास करणारे तेच! रॉथरींचा रिपोर्ट आधी वाचतो मग, क्लेटन नंतर.