मदत हवी आहे: तक्ते तयार आहेत, पण बायकांचं काम त्यात सापडत नाहीये

नमस्कार. समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांचं उत्पन्न आणि घरातल्या निर्णयांमधला त्यांचा सहभाग. धारूर आणि वडवणी तालुक्यांत मिळून १५० प्रश्नावल्या भरून झाल्या, एसपीएसएस या आकडेमोडीच्या संगणकप्रणालीत टाकूनही झाल्या. नोव्हेंबरात सादरीकरण आहे आणि माझा माझ्याच तक्त्यांवर विश्वास बसत नाहीये. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगते.

प्रश्न क्र. १४ होता, 'तुमचे स्वतःचे मासिक उत्पन्न किती?' लिहिताना अगदी सरळ वाटला होता. पण ऊसतोडीत हिशेब माणशी नसतो, कोयत्यामागे असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाचा अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा मध्यस्थ, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्याला, आणि ती बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. मग तोडलेल्या टनांवर ती फिटत जाते. नाही फिटली तर पुढच्या सालावर जाते. यातून बाईचं 'स्वतःचं' आणि 'मासिक' कसं काढायचं? काहीजणींनी शून्य सांगितलं, काहींनी अख्खी उचल, काहींनी निम्मी. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून आलेले पैसे कुणी धरले, कुणी धरले नाहीत. मी मिळेल तो आकडा भरत गेले. संगणकाने सरासरी दिली, प्रमाण विचलनही दिलं. ही सरासरी नेमकी कशाची, हे कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

कामाचे पर्याय मी राष्ट्रीय नमुना पाहणी या सरकारी सर्वेक्षणाच्या कोडांवरून घेतले होते. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस, ५१ म्हणजे रोजंदारी, ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम आणि जोडीला सरपण, चारा वगैरे गोळा करणं. ऑगस्टच्या शेवटी एका घरी गेले. ओसरीवर मुगाच्या शेंगांचा ढीग होता आणि बाई सोलत बसल्या होत्या. सकाळी तोडून आणलेल्या शेंगा, बोटं हिरवी-काळी झालेली. मी विचारलं, "काय काम करता?" उत्तर नवऱ्याने दिलं, "काही नाही, घरीच असती." मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "हां, घरीच." आणि सोलत राहिल्या. मी ९२ वर खूण केली. या बाई हंगामात पहाटे ३ ला उठून भाकरी थापतात, मग फडात पाला काढतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहतात. हे त्यांनीच नंतर चहा टाकताना सांगितलं, प्रश्नावली पिशवीत गेल्यावर. खूण मात्र ९२ चीच राहिली.

सगळ्यात जास्त त्रास निर्णयांच्या विधानांचा होतोय. 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी पाच बिंदूंची श्रेणी, १२ विधानं. 'घरातील आर्थिक निर्णयांत माझे मत विचारात घेतले जाते' याला एक बाई लगेच म्हणाल्या, "इचारतात की." सहमत. मग मी सहज विचारलं, शेवटचं कधी विचारलं? "उचल घ्यायच्या आधी. म्हणले, चालायचं ना?" आणि नाही म्हणाला असतात तर? "नाही कसं म्हणावं? मागल्या सालची फिटायची राहिलीय." आता हे कुठल्या बिंदूवर टाकू? मी ४ टाकला, म्हणजे 'सहमत'. शेजारी पेन्सिलने तिचं वाक्य लिहून ठेवलं. अशी वाक्यं बऱ्याच प्रश्नावल्यांच्या कडेला आहेत, आणि मला जे कळलंय ते सगळं त्या कडेलाच आहे.

गाईडना हे सांगितलं. ते म्हणाले, क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं आपसांत किती जुळतात त्याचं माप, ०.८९ आलाय, साधन विश्वसनीय आहे, आता मागे फिरू नका. माणूस चांगला आहे आणि माझं वर्ष वाया जाऊ नये ही त्यांची काळजी खरी आहे. पण उत्पन्न आणि निर्णय यांच्यात 'सार्थ सहसंबंध' आहे, म्हणजे त्यांचं नातं निव्वळ योगायोगाचं नाही, असं लिहून खाली सही करायला माझा हात उठत नाही.

या १५० प्रश्नावल्यांचं काय करू? मुलाखती आता जोडल्या तर 'आकडे हवे तसे आले नाहीत म्हणून पद्धत बदलली' असं होईल का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

*

गोदाकाठ:

ताई, प्रश्नावल्या फेकू नका. वय, लग्नाचं वय, किती हंगाम केले, मुलं बरोबर नेली की गावी ठेवली, हे मोजण्यासारखंच आहे आणि तुम्ही ते मोजलंय.

अल्फाबद्दल: तो फक्त एवढं सांगतो की विधानांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. का जुळतात ते सांगत नाही. तुमची १२ विधानं एकाच दिशेची असतील आणि समोरचा माणूस पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणत असेल, तर अल्फा वरच जाणार. विश्वसनीयता आली, सप्रमाणता (जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का) आली नाही, असं स्पष्ट लिहा. मौखिकीत हे चालतं. मी बाहेरचा परीक्षक म्हणून बसतो, लपवाछपवी दिसली तरच त्रास देतो.

आणि प्रश्न १४ ची सरासरी काढूच नका. बाईने उत्तर कसं काढलं, शून्य, निम्मं की अख्खं, तोच चल (मोजायची बाब) करा. शून्य म्हणणाऱ्या कोण आणि निम्मं म्हणणाऱ्या कोण, ते वयाशी आणि हंगामांशी लावून बघा. हेही आकडेच आहेत, पण निदान कशाचे ते माहीत असलेले.

*

रानजाई:

मी पाहणीच्या कामावर बरीच वर्षं फिरले. तुमचा ९२ वाचून पोटात कालवलं, कारण मीही असे कितीतरी टाकलेत.

हा प्रश्न जुना आहे. अर्थतज्ज्ञ देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत बायकांचा दिवस तासांनी मोजला, तेव्हा सरकारी पाहणीत नसलेलं काम दिसलं. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात 'शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदला काम धरून' असे शब्द मुद्दाम घातले, ते याच कारणाने. माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात, याची देशपातळीवर पहिली पाहणी २०१९ ला झाली. त्यात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाले, पुरुषाचे ९७.

'काय काम करता' विचारू नका. 'काल उठल्यापासून काय काय केलं' विचारा. 'घरीच असते' म्हणणारी बाई अर्धा तास बोलते. मुलाखती जोडणं ही लबाडी नाही, पण आधी काय विचारलं आणि ते कुठे फसलं, ते तारखेसकट लिहा.

*

(मूळ लेखिका)

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री कडेचे शेरे वेगळ्या वहीत उतरवायला घेतले. 'चालायचं ना?' हे वाक्य एकटीचं नाही. वेगवेगळ्या गावांत, जवळपास त्याच शब्दांत, पाच जणींनी सांगितलंय. प्रश्नावलीत पाचही जणी 'सहमत'.

गाईडना आज फोन केला. श्रेणीवरचा सहसंबंध मुख्य निष्कर्षातून काढायला ते तयार झाले, मर्यादांचं प्रकरण आधी दाखव म्हणाले. दिवाळीनंतर गाड्या निघतील आणि दारांना कुलपं लागतील, म्हणून त्याआधी दहा-बारा घरी पुन्हा जाणार आहे.

एकच विचारायचं राहिलं. नवरा ओसरीवर बसलेला असताना बाईशी वेगळं कसं बोलायचं? आता कापूस फुटलाय. वेचणीला बरोबर जाऊ का?

*

रानजाई:

जा. कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून जा आणि वेचायला लागा, पहिल्या दिवशी वही काढू नका. दुसऱ्याच्या रानात मजुरीने वेचत असतील तर तुमचा कापूस त्यांच्या ढिगात टाका. मजुरी किलोवर असते, आणि तुमच्याशी बोलण्यात त्यांचं वजन कमी भरेल.